उलुरूला जायची तयारी

४ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. रॉझला उलुरूला घेऊन जायचं. तीन रात्री, त्या वाळवंटातल्या मोठ्या हॉटेलात, दोन खोल्या. एक मला आणि केल्विनला, एक तिला एकटीला. सकाळी पडदा सारला की समोर तो लाल खडक. तिने जन्मात अशी खोली पाहिली नसेल.

चर्चमधून येताना तिच्याकडे डोकावले होते. ती फोनवर होती. रविवारी या वेळेला असतेच. पलीकडे तिची मावशी, डल्सी. त्या खडकाजवळ त्यांच्या आदिवासी लोकांची वस्ती आहे, तिथे राहते. ऐंशीच्या पुढची आहे. रॉझ एकेक शब्द विचारून, घोकून बोलत होती, पोरं पाढे म्हणतात तशी. लहानपणी विसरलेली भाषा आता म्हातारपणी शिकायची हौस. आणि मावशीला म्हणते काय, तर 'आई'.

फोन ठेवल्यावर मी सहज म्हटलं, "अगं, मावशी ना ती तुझी?"

"आमच्यात मावशी अशी वेगळी नसते, ग्लेन. आईची बहीण ती आईच."

आमच्यात! चौथ्या वर्षापासून इथे मूंटात, आमच्याच घरी वाढली, माझ्या आईच्या हातचं खाऊन, आणि 'आमच्यात'.  घरी येऊन केल्विनला म्हटलं, तिला एकदा तिचं गाव दाखवून आणू. आपण दोघं सोबत, नीट, थाटात. तिच्याही जिवाला शांती आणि आपल्याही.

नवरा उलुरूचं अजून जुनंच नाव घेतो. म्हणाला, "एअर्स रॉकवर आता चढू देत नाहीत म्हणे."

"चढायचंय कोणाला? स्वतःचे गुडघे बघ आधी."

११ फेब्रुवारी

रॉझला सांगितलं. वाटलं होतं, गळ्यात पडेल. ती नळाखाली कप विसळत होती, तो तसाच हातात धरून उभी राहिली.

"मी तिकीट काढलंय, ग्लेन. बसचं. ईस्टर झालं की लगेच."

मला न विचारता. पोर्ट ऑगस्टाहून बसायचं, दुसऱ्या दिवशी एर्लडुंडाच्या फाट्यावर उतरायचं, तिथे डल्सीची नात सेलिना गाडी घेऊन येणार. राहायचं कुठे, तर डल्सीच्याच घरी. त्या घरात आधीच सात माणसं. आणि हिची कंबर अशी की पोस्टाच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याला धरते.

"खाली गादी टाकून झोपणार तू? या वयात?"

"झोपेन की."

"आणि सकाळी उठवणार कोण तुला?"

"सात जण आहेत ना!"

तिला हसू आलं. मला नाही आलं. मी तिच्यापुढे हॉटेलचं माहितीपत्रक ठेवलं. वाळूत पांढरे टेबलक्लॉथ टाकून जेवण, वर चांदणं. तिने पानं उलटली आणि म्हणाली, "छान आहे." एवढंच.

१९ मार्च

डल्सीला ॲलिस स्प्रिंग्ज शहरातल्या इस्पितळात नेलं होतं, मूत्रपिंडाचं काहीतरी. आता परत आणलंय. हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. जाऊन रॉझला समजावलं. म्हातारी आजारी, घरात सात माणसं, त्यात ही लंगडत जाऊन पडणार. त्यांनी तिचं करायचं की हिचं? त्यापेक्षा ऑगस्टमध्ये आम्ही गाडीने नेतो. एप्रिलमध्ये केल्विनच्या बोल्स क्लबचा अंतिम सामना आहे, मे महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जून-जुलैत हॉटेल भरलेलं असतं. ऑगस्टमध्ये हवा चांगली, आणि पुस्तकात लिहिलंय की वाळवंटात तेव्हा फुलं असतात.

रॉझ म्हणाली, "ती वाट बघतेय, ग्लेन."

"तेव्हाही बघेलच की. इतकी वर्षं बघितली, त्यात चार महिने काय?"

तिने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "बरं."

रॉझचं हेच चांगलं आहे. नीट समजावलं की ऐकते. लहानपणापासून तशीच. आढेवेढे नाहीत. बस कंपनीला फोन मीच लावला. तिचं नाव, जन्मतारीख सगळं मला पाठ. जन्मतारीख तर माझ्या आईनेच ठरवलेली, एक जुलै. खरी कोणालाच ठाऊक नव्हती. तिकीट रद्द झालं.

घरी आले तेव्हा फार हलकं वाटलं.

७ एप्रिल

आज खरं काय ते लिहिते, इथे कोण वाचणार आहे?

ती एकटी गेली असती आणि तिथेच रमली असती तर? ही भीती मला होती. अजून आहे. चार वर्षांपूर्वी त्या कुळं शोधून देणाऱ्या कचेरीने तिला मावशीचा पत्ता दिला, तेव्हापासून आहे. तिची सख्खी आई कधीच वारली, पण म्हणतात ना, माय मरो आणि मावशी जगो.

माझी आई सांगायची, हिच्या आईला ही नको होती, म्हणून सरकारच्या माणसांनी आणून आमच्याकडे दिली, तेव्हा अशी बरीच मुलं गोऱ्या घरांत देत. आता डल्सी सांगते, हिची आई त्या गाडीमागे धावली होती, चपला गळून पडेपर्यंत. कोण खरं, कोण खोटं? एवढ्या वर्षांनी उकरून कोणाला काय मिळणार? आम्ही तिला वाढवलं ही गोष्ट तर खोटी नाही ना.

मला एवढंच वाटतं की ती त्यांना भेटेल तेव्हा मी तिथे असावं. त्यांनी बघावं की हिला कोणी वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं.

२८ एप्रिल

केल्विन उपांत्य फेरीतच हरला. अंतिम सामन्यासाठी घरी थांबलो होतो, तो बघायलाही गेला नाही.

२३ मे

केल्विनचा डोळा छान झाला. म्हणतो, पडद्यांचा रंग हा असा आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

कडिनाच्या बाजारात जाऊन तिघांना टोप्या आणल्या, माश्या तोंडावर बसू नयेत म्हणून जाळी लावलेल्या. रॉझने घालून बघितली. मी म्हटलं, "नवरी दिसतेस." ती हसली नाही. म्हणाली, "डल्सीला आता बोलताना धाप लागते. गेल्या रविवारी मीच बोलले."

"मग चांगलंय की. तुझा सराव झाला."

असं बोलायला नको होतं बहुतेक. पण दर वेळी काय तोलून-मापून बोलायचं? मी तिला विचारलं, जेवणात कांगारूचं मांस चालेल की मासा सांगू. ती म्हणाली, "तुला हवं ते सांग."

माझंच डोकं, माझीच धावपळ, आणि बाईसाहेब म्हणतात तुला हवं ते.

१ जुलै

रॉझचा वाढदिवस. मी मांस-बटाटा भरलेल्या पास्टी केल्या, आई करायची तशाच, आत गाजर न घालता. जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या. मी केल्विनला सांगत होते, रॉझला आमच्याकडे स्वतःची कपबशी होती, निळ्या काठाची. ती दुसऱ्या कोणी वापरायची नाही. फळीवरसुद्धा तिची जागा वेगळी. मला किती हेवा वाटायचा! माझ्यासाठी असं काही वेगळं नव्हतं, मला घरातल्या सगळ्यांबरोबरचेच कप.

केल्विनने माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे.

रॉझ म्हणाली, "आठवते मला ती कपबशी."

"कुठे गेली गं ती?"

"मी फोडली. तेराव्या वर्षी. मागच्या अंगणात, दगडावर."

"मुद्दाम?"

"पास्टी छान झाल्यात," ती म्हणाली.

भांडी घासताना मी विचार करत होते की एवढी चांगली वस्तू कोणी मुद्दाम कशाला फोडेल. पण तिचं पहिल्यापासून असंच. पहिले काही महिने तर ती रात्री काहीतरी आपल्याच भाषेत बडबडायची. आईने शिस्तीने ते चार-सहा महिन्यांत घालवलं. आई कडक होती, पण तिने मुलांत दुजाभाव केला नाही.

१६ जुलै, मंगळवार

डल्सी गेली.

रॉझ सकाळी दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. "आई गेली," म्हणाली. माझ्या डोक्यात क्षणभर आपलीच आई आली, तिला जाऊन तर एकोणीस वर्षं झाली. मग कळलं.

मी तिला जवळ घेतलं. ती काठीसारखी ताठ उभी होती. मी म्हटलं, "सुटली बिचारी. त्रास होत होता ना." मग म्हटलं, "आपण चौदा ऑगस्टला जातोच आहोत. त्यांच्यात अंत्यविधीला वेळ लागतो ना, तूच सांगितलं होतंस. कदाचित गाठताही येईल. बघ, म्हणजे ठरवलेलं वाया नाही गेलं."

तिने माझे हात बाजूला केले. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये ती बोलत होती, ग्लेन."

"अगं, पण कोणाला माहीत होतं?"

"तिला माहीत होतं. मला माहीत होतं. तुलाही सांगितलं होतं."

आणि निघून गेली. मी नाश्ता तसाच टाकून दिला. आपण काय देव आहोत का, कोण कधी जाणार हे ठाऊक असायला? ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

१८ जुलै

सकाळी तिच्याकडे सूप घेऊन गेले. दार बंद. शेजारच्या मिसेस ट्रेन्गोव कुंपणावरून म्हणाल्या, "ती काल गेली की, बसने. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "माहीत आहे तर. झाडांना पाणी घालायला आले."

सूप हातात घेऊन झाडांना पाणी घालायला!

दुपारी तिचा फोन आला. सेलिनाच्या गाडीतून बोलत होती, मागे खडखडाट.

"कंबर कशी आहे?"

"दुखतेय."

"मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतंस," रॉझ म्हणाली. मग रेंज गेली.

२ ऑगस्ट

केल्विन म्हणतो, जाणं रद्द करू. तिचं ती पोचली, आता आपलं काय काम? मी म्हटलं, पैसे परत मिळत नाहीत. ते खरंच आहे, पण कारण ते नाही. ती तिथे आणि मी इथे, असं मला राहवत नाही. फोन केला तर दर वेळी कोणीतरी वेगळंच उचलतं आणि म्हणतं, दुखवटा आहे, नंतर करा.

१५ ऑगस्ट, कूबर पीडी

जमिनीखालच्या मोटेलात उतरलो आहोत. उंदराच्या बिळात झोपल्यासारखं वाटतं. दिवसभर गाडी, दोन्ही बाजूंना काहीच नाही. मागच्या सीटवर रॉझची टोपी ठेवली आहे, तिला देऊ.

१६ ऑगस्ट, हॉटेल

पोचलो. खोली सुरेख. पडदा सारला आणि समोर तो. मी फोटोत हजार वेळा पाहिलाय, पण असा नाही. फोटोत तो वस्तू वाटतो. इथे वाटतं, तो आधीपासून बसलाय आणि आपण आत्ता न विचारता आत आलो. 

पण फुलं कुठेच नाहीत. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, यंदा पाऊस झाला नाही.

रॉझची खोली रद्द नाही केली. ती येईल, आंघोळ करेल, गादीवर नीट झोपेल.

१७ ऑगस्ट

आजचं सगळं लिहून काढते.

सेलिना आम्हाला न्यायला आली. तिशीची आहे, गालाला खळी, बोलायला मोकळी. वस्तीत असं उठून जाता येत नाही, परवाना लागतो. तो रॉझने आमच्यासाठी मागून ठेवला होता. गाडीत मी डल्सीबद्दल विचारायला लागले तर सेलिना हळूच म्हणाली, "नाव नका घेऊ, मावशी. आता ते घ्यायचं नसतं." मला 'मावशी' म्हणाली. मला बरं वाटलं.

वस्तीच्या बाहेर, बाभळीसारख्या झाडांखाली दुखवट्याची पालं होती. ताडपत्र्या, चुली, कुत्री. बायका जमिनीवर बसलेल्या. रॉझ त्यांच्यात मांडी घालून बसली होती. आधी मी ओळखलंच नाही. केस कापलेले, अगदी डोक्याजवळ. पाय अनवाणी. तिच्या पायांना धूळ लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी आणि केल्विन कडेला उभे. आमच्या डोक्यावर त्या जाळीच्या टोप्या. कोणी या म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. मला काय करायचं ते कळेना. एक अगदी म्हातारी बाई होती, पांढरे केस, तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवून रॉझला काहीतरी विचारलं. रॉझने माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं.

काय म्हणाली? 'कांगारू'.

मी स्पष्ट ऐकलं. आणि ती म्हातारी तोंडावर हात घेऊन आवाज करायला लागली, तिची शेजारीणही, खांदे हलायला लागले. मग म्हातारीने माझ्याकडे बघून जमिनीवर थाप मारली, पुन्हा पुन्हा, टाळी द्यावी तशी. जाळी घातलेल्या गोऱ्या बाईची गंमत!

बावीस तास गाडीत बसून आले मी. माझ्या तोंडून निघालंच, "हसा, पोटभर हसा. आम्ही जातो." केल्विन "अगं, अगं" करत राहिला. मी सेलिनाच्या गाडीत जाऊन बसले. रॉझ उठायला लागली, पण तिच्या कमरेमुळे तिला पटकन उठता येईना. मी बघितलं. मी थांबले नाही.

सेलिनाने आम्हाला हॉटेलच्या दारात सोडलं आणि लगेच गाडी वळवली.

संध्याकाळी ते वाळूतलं जेवण. आम्ही तिघांचं टेबल घेतलेलं. पांढरा टेबलक्लॉथ, काडीला ओवलेलं कांगारूचं मांस, समोर तो खडक जांभळा होत चाललेला. वेटरने तिसरी खुर्ची नेऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू दे. मग केक आला. मी मार्चमध्येच सांगून ठेवला होता, त्यावर लिहायला लावलं होतं: 'रॉझ, घरी स्वागत'. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याला वाटलं मीच रॉझ. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

केल्विन म्हणाला, "वाजवू दे. कापून टाक."

मी कापला.

१८ ऑगस्ट, रविवार

रॉझचा फोन आला. आज पहिल्यांदाच मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, "माझ्या तोंडावर मला कांगारू म्हणतेस आणि त्या बायांना हसवतेस? साठ वर्षांचे हे पांग फेडलेस?"



"कांगकुरू, ग्लेन," ती म्हणाली. "कांगारू नाही. कांगकुरू म्हणजे मोठी बहीण. त्यांनी विचारलं, ही कोण. मी म्हटलं, माझी मोठी बहीण."

मी पलंगावर बसले.

"मग त्या हसत का होत्या?"

"हसत नव्हत्या. रडत होत्या. कोणी नवीन नातलग आलं की पुन्हा रडतात. तुला बघून रडल्या. ती आजी तुला जागा दाखवत होती. जमिनीवर. ये, बस म्हणून."

"मला काय माहीत?"

"हो. तुला काय माहीत," रॉझ म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला चाललं असतं.

मी म्हटलं, "मी आत्ता येते. केल्विनला गाडी काढायला सांगते."

"आज नको. आज आईला पुरायचंय. बाहेरच्यांना रस्ता बंद आहे."

बाहेरच्यांना.

"बरं," मी म्हटलं. मी. 'बरं' म्हणायची सवय मला नाही.

दुपारभर खिडकीत बसून होते. केल्विन त्या दुसऱ्या डोंगरांकडे, कातात्जुताकडे, सहलीच्या बसने जाऊन आला. म्हणाला, सगळी मोठमोठी डोकी एकत्र जमल्यासारखी दिसतात, आणि वारा त्यांच्यामधून जाताना कोणीतरी बोलल्यासारखं वाटतं. मी त्याला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. डोळा नवीन केलाय ना.

१९ ऑगस्ट

निघालो. रिसेप्शनवर रॉझसाठी टोपी ठेवून आले. मुलीने विचारलं, कोणाकडून म्हणून सांगू? मी म्हटलं, तिला कळेल.

दुसरी खोली तीन रात्री कोणी वापरली नाही. पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवले होते, ते तसेच.

८ सप्टेंबर

रॉझचा फोन नाही. मी केला नाही. का करायचा मीच दर वेळी?

२२ सप्टेंबर

केला. सेलिना म्हणाली, ती बायकांबरोबर रानात गेलीय. मी विचारलं, त्या कमरेने? सेलिना म्हणाली, "आम्ही हळू चालतो."

१२ ऑक्टोबर, शनिवार

रॉझ आली होती.

मला वाटलं, परत आली. मी एप्रनला हात पुसतच फाटकापर्यंत गेले. सेलिनाची पिकअप उभी होती आणि मागे रॉझची कपाटं, शिवणयंत्र, लोखंडी पलंग, सगळं दोरीने बांधलेलं. म्हणजे आधी तिच्या खोलीवर जाऊन सामान भरलं आणि मग माझ्याकडे. मिसेस ट्रेन्गोवना कालपासून माहीत असणार.

चहा केला. रॉझ रापलीय, जरा वाळलीय. हातात काठी, कोणीतरी कोरून दिलेली. पण उठताना कण्हली नाही.

"खोली सोडली?"

"हो."

"कायमची?"

"हो, ग्लेन."

केल्विन उठून बाहेर टोमॅटोला पाणी घालायला गेला. पुरुषांना बरोबर कळतं कधी उठायचं ते. सेलिनाही उठली, म्हणाली, टायर बघते.

मी विचारलं, "माझ्यावर रागावून चाललीस?"

रॉझने खरंच विचार केला. कोणी हिशेबाचं विचारल्यावर करावा तसा.

"नाही. रागावायचं तर इथे जवळ राहायला हवं. मला आता तेवढा वेळ नाही."

"मी सगळं तुझ्यासाठी केलं, रॉझ. तुला छान मिळावं म्हणून."

"माहितेय."

"मग?"

"स्वतःसाठी केलं असतंस तर लवकर केलं असतंस," रॉझ म्हणाली.

 मी म्हटलं, चहा निवतोय. ती म्हणाली, हो.  मग ती उठली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एकदाच, कपाळापासून मागे. मोठी मी आहे. पण हात तिने फिरवला. मला तिचा हात धरायचा होता. मी म्हटलं, "केस विस्कटतील."

फाटकाशी सेलिना थांबली होती. रॉझ गाडीत बसेपर्यंत ती माझ्याशी बोलत उभी राहिली. चांगली पोर आहे, मनात काही नाही तिच्या. हसतच म्हणाली, "मावशी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. आमची आजी होती तेव्हा दर रविवारी फोन ठेवला की आम्हाला विचारायची, 'त्या बाईंची तयारी झाली का?' आम्ही म्हणायचो, नाही अजून. मग म्हणायची, 'मोठं हॉटेल आहे. वेळ लागणारच.' आणि खुर्ची दारात ठेवायला लावायची, रस्त्याकडे तोंड करून. आम्ही खूप चिडवायचो तिला."

मीही हसले. काय करणार?

रॉझने काच खाली करून हात हलवला, शेजारणीला हलवतात तसा. गाडी कोपऱ्यावरून वळली. पलंगाचा एक पाय दोरीबाहेर आला होता, तो शेवटपर्यंत दिसत होता.

केल्विन पाण्याची नळी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "काय सांगत होती गं ती पोरगी एवढं?"

मी म्हटलं, "काही नाही. रस्ता विचारत होती."